हवेचा डबा आणि दोन फुलपात्रं

अप्पा,

परवा नातवानं मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता चिडायचं काही कारण उरू नये. तुम्ही गेलात तेव्हाचं तुमचं वय मी कधीच मागे टाकलं. आज तुम्ही दारात येऊन उभे राहिलात तर बघणाऱ्याला मी तुमची आई वाटेन. तरीही चिडले आहे, आणि ह्या वयात राग पोटात ठेवला की जेवण पचत नाही, म्हणून लिहायला बसले.

नातवानं नवी गाडी घेतली आहे. दोन दारांची, लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. तिच्यात मला बसवणं म्हणजे पोत्यात गहू भरण्यासारखं आहे. परवा जेवायच्या आधी तो स्वयंपाकघरात आला आणि फोनवरची चित्रं दाखवत म्हणाला, "आजी, हिचं स्टॉक एअर इन्टेक, म्हणजे इंजिनाचा हवेचा डबा, काढून सगळे जण मोठं, ओपन टाइपचं लावतात. आवाज एकदम भारी येतो. पॉवर पण वाढते म्हणे. करू का? पैसे वसूल होतील का?" मी भाजीला फोडणी देत होते. म्हटलं, "आवाज येईल. पॉवर काही वाढायची नाही. कंपनीनं बसवलंय ते राहू दे." तो म्हणाला, "ओके, मग नको," आणि ताट घेऊन बसला. बस. ना वाद, ना सबब, ना 'तुला काय कळतं'. मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. त्या पोरानं एका वाक्यात ऐकलं ते मी तुम्हाला अख्खा एक रविवार गाडी चालवून दाखवलं होतं, अप्पा, आणि तुम्ही ऐकलं नव्हतंत. भाजी करपली. तीही तुमच्याच खात्यावर टाकते.

तुमची ती गाडी. अंबरनाथच्या तुमच्या कारखान्यातला इंग्रज साहेब देश सोडून निघाला आणि जाताना त्यानं टेबल, खुर्च्या, कुत्रा आणि गाडी असं सगळं विकायला काढलं. शहाणी माणसं टेबलखुर्च्या घेऊन आली. तुम्ही गाडी आणलीत. उघडी, हिरवी, लांबलचक बॉनेटची, दोन माणसांची. घरात माणसं चार: तुम्ही, आई, मी आणि धाकटा. आई कॉलनीच्या त्या बंगलीच्या पायरीवर उभी आहे, हाताला पीठ लागलेलं आहे, आणि विचारते आहे, "उरलेल्या दोघांनी मागनं धावत यायचं का?" तुम्ही म्हणालात, "एकेकाला पाळीनं फिरवीन." आईची पाळी एकदा आली. कॉलनीच्या फाटकापासून शिवमंदिरापर्यंत. परत आली तेव्हा तिच्या डोक्यात इतकी धूळ होती की तिनं बंबात पुन्हा पाणी तापवलं, आणि पुन्हा त्या गाडीत पाय ठेवला नाही.

माझी पाळी मात्र संपली नाही, हे मी कबूल करते. तुम्ही मला त्या गाडीखाली घेऊन गेलात. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर पान्हे ओळीनं मांडलेले, आणि तुम्ही पालथे पडून मला विचारता आहात, "ही नळी कुठून कुठे जाते, सांग." मी सांगते. चुकलं तर तुम्ही हसत नाही, पुन्हा विचारता. प्लग साफ करायला, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कारबोरेटर उघडून त्याची वाटी पुसायला तुम्ही शिकवलंत. कारखान्याच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकवलंत. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "मुलीला गाडी शिकवताय? उद्या हिच्याशी लग्न कोण करील?" तेव्हा तुम्ही म्हणालात, "ज्याला गाडीत बसायची भीती वाटत नाही तो करील." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगले. म्हणून तर राग आहे. तुम्ही चारचौघांसारखे बाप असतात, मुलीला पाटपाणी आणि विणकाम पुरे म्हणणारे, तर मी गप्प बसले असते. तुम्ही आधी दार उघडलंत आणि मग माझी बोटं आत असताना ते लावलंत.

मी इंटर सायन्सची परीक्षा देऊन घरी आले त्या उन्हाळ्यात तुम्हाला हवेचं वेड लागलं. कारखान्याच्या क्लबात कोणीतरी तुम्हाला सांगितलं की विलायतेत शर्यतीच्या गाड्यांना तो हवा गाळायचा डबा नसतोच, कारबोरेटरच्या तोंडावर नुसते पितळी कर्णे बसवतात, इंजिन मोकळा श्वास घेतं आणि गाडी बाणासारखी सुटते. झालं. आपल्या गाडीच्या इंजिनावर तो काळा पत्र्याचा डबा होता, आत जाळी आणि जाळीला तेल, हवेतली धूळ तिथे अडायची. आदल्या रविवारपर्यंत तुम्हीच मला त्या डब्याचं कौतुक सांगत होतात. आता तो तुम्हाला इंजिनाच्या नाकावर धरलेला हात वाटायला लागला. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अप्पा, कारबोरेटरचा गळा आहे तेवढाच राहणार. बाटलीचं तोंड अरुंद असताना नरसाळं मोठं आणलं म्हणून तेल लवकर भरतं का?" तुम्ही म्हणालात, "तेल आणि हवा ह्यांत फरक असतो." असतो. पण त्या फरकानं तुमची बाजू खरी होत नव्हती.

मग तुम्ही मला घेऊन उल्हासनगरला गेलात. आपल्या गाडीचं काम करणाऱ्या सिंधी मिस्त्रींचं दुकान तिथे लष्कराच्या जुन्या बराकीच्या टोकाला होतं. अर्ध्या भागात बिऱ्हाड, मध्ये गोणपाटाचा पडदा, अर्ध्या भागात गॅरेज. कराचीत त्यांचं मोठं गॅरेज होतं असं ते सांगायचे आणि ते खरं असावं, कारण गाडीला हात लावताना ते कधी घाईत नसत. आपण गेलो की पडद्यामागून आधी पापड आणि पाणी येई. ते खाल्ल्याशिवाय गाडीबद्दल बोलायचं नाही हा त्यांचा नेम. तुम्ही पापड मोडत कर्ण्यांची कल्पना सांगितलीत. ते मान डोलावत ऐकत होते. मी मधेच विचारलं, "चाचा, इससे गाड़ी तेज़ भागेगी?" ते माझ्याकडे बघून हसले. "बेटी, चिल्लाएगी ज़रूर. भागने का मैं नहीं बोलता. साहब को आवाज़ चाहिए, मैं आवाज़ देगा. चङो?" चङो म्हणजे ठीक, हे तोपर्यंत मला कळायला लागलं होतं. गिऱ्हाइकाला हवं ते द्यायचं आणि वर खोटंही बोलायचं नाही, ही त्यांची रीत. तुम्ही त्यातला पहिला भाग ऐकलात आणि दुसरा कानाआड केलात.

अडचण एकच होती. मिस्त्री म्हणाले, पत्रा वळवून कर्णा केला तर जोड येतो आणि कड तशी गोल, बाहेर फाकलेली येत नाही. एकसंध पितळ पाहिजे, बूड निमुळतं, तोंड फाकलेलं. आणि तुम्ही तिथे बाकावर बसल्याबसल्या हातातला पाण्याचा पेला उलटासुलटा करून बघायला लागलात. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, "कल्हई उडालीय त्या फुलपात्रांची. उल्हासनगरात चांगला कल्हईवाला आहे, देऊन येतो." आईच्या रुखवतातली पितळी फुलपात्रांची जोडी. आजीनं त्यांच्या काठाखाली आईचं माहेरचं नाव कोरून घेतलं होतं. घरात कोणी पाहुणा आला की पाणी त्यातूनच जाई. आईला इतका आनंद झाला होता, अप्पा. नवरा आपण होऊन कल्हईची आठवण काढतो म्हणून ती शेजारी सांगून आली.

तुम्ही त्यांची बुडं कापलीत. मिस्त्रींनी त्यांना डाख देऊन चकत्या जोडल्या आणि दोन कारबोरेटरांवर दोन फुलपात्रं आडवी बसवली. तुम्ही बॉनेट उघडून मला दाखवलंत तेव्हा ती घासून इतकी लखलखीत केली होती की दिवाळी आहे असं वाटावं, आणि एकाच्या काठाखाली आईचं नाव उलटं दिसत होतं. मी म्हटलं, "अप्पा, आईला विचारलंत?" तुम्ही म्हणालात, "तिला नवीन आणून देऊ. ही काय, भांडीच आहेत." आईनं आठवडाभर वाट पाहिली. मग एका संध्याकाळी गाडी अंगणात उभी असताना ती कंदील घेऊन आली, "कल्हईवाला मेला की काय तुमचा," म्हणत. बॉनेट उघडंच होतं. तिनं आत पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या आईनं दिलेल्यातून आता ही पिणार होय." तुम्ही म्हणालात, "अगं, पाणी नाही, हवा जाते त्यातून." ती म्हणाली, "हवाच तर आहे तुमच्या डोक्यात. तीच घाला." आणि आत गेली. त्या रात्री आपल्याला पाणी पेल्यातून मिळालं आणि पुढे कायम पेल्यातूनच मिळत राहिलं.

पण हे आईचं भांडण. ते तिनं तिच्या पद्धतीनं भांडून घेतलं. माझं वेगळं आहे. त्याच आठवड्यात मी इंजिनिअरिंगचा विषय काढला होता. मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म आणायचा होता. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "कारखान्यात बाई इंजिनिअर मी तरी पाहिलेली नाही. पण असं करू. तू म्हणतेस ना कर्ण्यांनी फरक पडत नाही? मला करून दाखव. नुसती बडबड नको. यंत्राबद्दलची एक गोष्ट नीट सिद्ध करून दाखवलीस तर फॉर्म मी स्वतः घेऊन येतो." आई भाकरी थापता थापता थांबली होती, आठवतं? तिनं ऐकलं होतं. तिच्यासमोर दिलेला शब्द होता तो.

मी पद्धत काढली. बदलापूरच्या रस्त्यावर तो लांब, सरळ चढ होता, खाली वड आणि वर रस्ता सपाट होतो तिथे एक पडकी चौकी. वडाजवळच्या मैलाच्या दगडाशी वेगाचा काटा एका ठरलेल्या आकड्यावर धरायचा, तिथून पाय पूर्ण दाबायचा, आणि चौकीशी काटा कुठे पोचला ते बघायचं. आधी डबा लावून, मग फुलपात्रं लावून, पुन्हा डबा, पुन्हा फुलपात्रं, म्हणजे इंजिन तापलं, वारा फिरला, असं कोणाला म्हणता येऊ नये. मिस्त्री वडाखाली हत्यारं घेऊन बसणार, अदलाबदल करणार. ही पद्धत ऐकून तुम्ही माझी पाठ थोपटलीत. "वा," म्हणालात, "डोकं आहे." मी ते 'वा' कानात घेऊन गाडीत बसले.

रविवार होता. रस्त्यावर गवताच्या गाड्या चाललेल्या, मुरमाची लाल धूळ गुडघाभर उठत होती. एका गाडीवानानं बैल थांबवून मागच्याला ओरडून सांगितलं, "आरं, पोर गारी हाकतंय बग!" मी चालवते आहे, तुम्ही शेजारी बसून काट्यावर डोळे लावून आहात. डबा लावून काटा जिथे गेला, तिथेच फुलपात्रं लावून गेला. खरं तर केसभर अलीकडेच राहिला, कारण खालून पाय दाबला की इंजिन आधी ठसकायचं आणि मग धावायचं. त्याला हवा जास्त मिळत होती आणि पेट्रोल तेवढंच, ते ठसकणारच. पण आवाज! बॉनेटखाली वाघ बसवल्यासारखा. तुमचा चेहरा फुलला होता. वर पोचल्यावर तुम्ही काट्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तुझा पाय हलका पडला."

मी पुन्हा केलं. तुम्ही म्हणालात, समोरून वारा होता. पुन्हा केलं. पेट्रोल बरोबर नाही म्हणालात. मग तुम्ही स्वतः चालवायला बसलात आणि मी काटा पाहिला, आणि काटा तुमच्या पायाखालीही तिथेच थांबला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "इंजिन तापलंय." नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण लहान मुलांना शिकवतो. शेवटी तुम्ही खाली उतरलात. मला म्हणालात, "जा, एकटी जा. माझं वजन नको. दाब चांगला जोरात." मी फुलपात्रं लावलेली गाडी घेऊन एकटी गेले, आणि परत आल्यावर सांगितलं, "तेवढाच." मिस्त्री डब्याचा स्क्रू पुसत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी बोट कारबोरेटरच्या गळ्यात फिरवून तुम्हाला दाखवलं. बोटावर लाल धूळ, ओलसर. "हे सगळं आता इंजिनात जातंय अप्पा, आत घासतंय." तुम्ही रुमालानं माझं बोट पुसलंत, जसं लहानपणी पुसायचात, आणि गाडीत बसलात.

निकाल जेवताना दिलात. आई वाढत होती. मी फॉर्मबद्दल काही विचारलंही नव्हतं, वाट बघत होते. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "यंत्र म्हणजे गणिताचा पेपर नव्हे. ते कानाला कळावं लागतं, हाताला कळावं लागतं. तुला आकडे कळतात. यंत्राचा कान तुला नाही. तू आपली बी.एस्सी. कर, गणित घे." आई म्हणाली, "अहो, पण तिनं दाखवलं ना करून?" तुम्ही म्हणालात, "तिनं काटा दाखवला. गाडी किती मोकळी झालीय ते तिला ऐकूच आलं नाही." मी उठले. ताट तसंच टाकून उठले, आणि त्या दिवशी ठरवलं की ह्या गाडीचं बॉनेट मी पुन्हा उघडणार नाही.

तुमच्यासारख्या माणसांसाठीच पडलो तरी नाक वर अशी म्हण आहे. तेवढंच असतं तरी मी पचवलं असतं. मी पुण्याला गेले, हॉस्टेलात राहिले, गणित घेतलं. चांगलं केलं. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती आज सांगते. मी तुमचं म्हणणं खरं मानलं. मुलगी आहेस म्हणून पाठवत नाही असं तुम्ही म्हटलं असतंत तर मी भांडले असते, उपास केला असता, मामाकडे पळून गेले असते. पण तुम्ही म्हणालात, तुला कान नाही. आणि तुम्ही मला शिकवणारे होतात. तुम्हाला कळणार नाही तर कोणाला? हॉस्टेलमधली शिलाई मशीन बिघडली आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या की मी म्हणायचे, "मला नाही त्यातलं समजत." मला! जिनं शाळेत असताना कारबोरेटर उघडून पुसला होता!

दिवाळीत घरी यायचे तेव्हा तुम्ही कारखान्यातून येताना फाटकाशी मुद्दाम गाडी रेस करायचात. तो गडगडाट ऐकून कॉलनीतली कुत्री पळायची. मी पायरीवर फुलांचे हार करत बसलेली असायचे, आणि तुम्ही गाडीतून उतरताना माझ्याकडे बघायचात. नुसतं बघायचात. मला वाटायचं, हा माणूस मला रोज एकदा हरवतो आहे.

मी बदलापूरच्या शाळेत शिकवायला लागले आणि पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. बसल्या जागी, खुर्चीत, कुणाला काही न सांगता. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि आई म्हणाली, "ती गाडी आधी काढा दारातून." मिस्त्रींना निरोप धाडला. तोवर त्यांचं पक्कं दुकान झालं होतं, पाटी होती, हाताखाली माणसं होती, तरी ते स्वतः आले. आईसमोर जमिनीवर बसले, तुमच्यासाठी रडले. मग आम्ही अंगणात गेलो. बॉनेट मीच उघडलं. इतक्या वर्षांनी.

आत काळा डबा होता. जाळीसकट, तेलासकट, आपल्या जागी. त्याच्यावर धुळीचं जुनं, बसलेलं पूट. मला वाटलं मिस्त्रींनी विकण्यासाठी आत्ताच लावला. मी विचारलं, "चाचा, ये आपने कब लगाया?" ते म्हणाले, "मैंने? बेटी, ये तो साहब ने कब का लगवाया. तुमने वो चढ़ाई पे गाड़ी चलाई थी ना, उसके बाद वाले इतवार को." मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, "पर आवाज़ तो आती थी!" तेव्हा ते जरा ओशाळले, वाकले, आणि मागे सायलेन्सरवर बोट ठेवलं. "यहाँ सुराख़ किया है. आवाज़ पीछे से निकाली. साहब बोले, आगे से आवाज़ बंद हुई तो लड़की को मालूम पड़ेगा. लड़की को मालूम नहीं पड़ना चाहिए." फुलपात्रं कुठे गेली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढचा रविवार, अप्पा! म्हणजे त्या सुट्टीत मी घरातच होते. फक्त त्या रविवारी मामाकडे गेले होते, तेवढ्यात तुम्ही हे उरकलंत. फॉर्मची मुदत उलटून गेली नव्हती. तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला चढावरच कळून चुकलं होतं, धूळ माझ्या बोटावरून पुसतानाच कळलं होतं. तुम्ही गाडीला तिचा डबा परत दिलात, कारण इंजिन झिजलेलं तुम्हाला बघवत नव्हतं. आणि मला काय दिलंत? सायलेन्सरला भोक पाडलंत. मी खरी ठरले हे मला कळू नये म्हणून तुम्ही चांगल्या सायलेन्सरला भोक पाडून घेतलंत आणि वर्षानुवर्षं तो खोटा गडगडाट माझ्या कानाशी आणून वाजवलात, मला कान नाही म्हणून! जवळ गेले असते तर ओळखलं असतं. पुढून येणारा आवाज ओढून घेतल्यासारखा असतो, मागून येणारा फुटल्यासारखा. पण मी रागानं लांब राहिले, आणि मी लांब राहीन हे तुम्हाला माहीत होतं.

आईला मी हे सांगितलं नाही. तिला तुमच्यावर चिडायला फुलपात्रं पुरेशी होती. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. पुरुषांना ही गंमत वाटते. तुम्ही का केलंत ह्याची कारणं मी खूप शोधली. घाबरलात असाल. कारखान्यात लोक काय म्हणतील, मुलगी मुंबईत शंभर मुलग्यांत एकटी कशी बसेल, हे सगळं मनात आलं असेल आणि ते बोलायची लाज वाटली असेल, कारण काकूंना तुम्ही तसं उत्तर देऊन बसला होतात. समजा तसंच असेल. मग घाबरलो म्हणायचं होतं. मी तुमची भीती समजून घेतली असती. माझ्यात काहीतरी कमी आहे असं सांगून तुम्ही स्वतःची भीती झाकलीत, हे मला नाही समजून घेता येत. आजही नाही. त्या पोरानं "ओके, मग नको" म्हटलं आणि मला कळलं की मला एवढंच हवं होतं. फॉर्मसुद्धा नंतर. आधी एवढंच, की तुम्ही मान वर करून म्हणावं, बरोबर आहे तुझं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं, कारण उत्तरात तुम्ही पुन्हा वाऱ्याचा आणि पेट्रोलचा दोष काढला असतात. नातवाला मी दिलेलं उत्तर बरोबर आहे आणि ते मी बदलणार नाही. डबा काढून वेग वाढत नाही. हे मी आजही कोणालाही चढावर नेऊन दाखवीन.

फक्त त्याला मी पूर्ण उत्तर दिलं नाही, आणि तुम्हालाही दिलं नव्हतं. शेवटच्या फेरीला तुम्ही मला एकटीला पाठवलंत ना, तेव्हा मी चौकीशी काटा पाहिला. तेवढाच होता. तिथून वळून यायचं होतं. मी वळले नाही. पाय तसाच दाबून सरळ बदलापूरच्या नदीपर्यंत गेले, नुसता तो आवाज ऐकत. पदर उडून मागे गेला होता, तोंडात धूळ जात होती आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते. नदीवर गाडी उभी करून, ती बंद न करता, मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. परत आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हटलं, "तेवढाच." तुम्ही 'कसं वाटलं?' असं विचारलं असतंत, तर मी खरं सांगितलं असतं.